अनंश आणि भर्तव्य

गेल्या पावसाळ्यांत माझे एक जुने विद्यार्थी एक प्रश्न घेऊन मजकडे आले. त्यांस दोन मुलगे आहेत. धाकटा जन्मापासून मंदबुद्धि असून त्याचें वय चोवीस आहे. माणसें ओळखतो, सायंकाळीं देवापुढें दिवा लावतो, परंतु रुपयाची मोड त्यास कळत नाहीं. वडिलार्जित घराच्या वाटणीचीं बोलणीं निघालीं असतां घरांतील एका वृद्धांनीं, ‘अशास शास्त्राप्रमाणें हिस्सा नसतो,’ असें सांगून टाकिलें. ‘गुरुजी, शास्त्रांत खरोखर असें आहे काय?’ एवढेंच माझ्या विद्यार्थ्यास विचारावयाचें होतें. मीं म्हटलें, ‘आहे, परंतु तें अर्धेंच वाक्य आहे.’ उरलेल्या अर्ध्या वाक्याचें काय झालें हें पाहण्यासाठीं मला जुन्या टिपणवह्या पुन्हां काढाव्या लागल्या, आणि त्यांतून प्रस्तुत लेख झाला.

वचनें प्रसिद्ध आहेत. मनूनें नवव्या अध्यायांत क्लीब, पतित, जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक व इंद्रियविकल इतक्यांस दायभागांतून वगळिलें आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांतील यादींत पंगु व असाध्य रोगी यांची भर आहे. आपस्तंब, गौतम, वसिष्ठ, विष्णु, नारद व कौटिल्य यांच्या याद्यांत थोडाफार फरक आहे, परंतु धोरण एकच. हींच वचनें पुढें करून गेल्या दीडशें वर्षांत एका पक्षानें शास्त्रकारांस निर्दय ठरविलें व दुसऱ्या पक्षानें आपल्या दुबळ्या भाऊबंदांस वाटणींतून दूर सारिलें. दोन्ही पक्षांनीं पुढची ओळ वाचण्याचे श्रम घेतले नाहींत. मनूचा लगतचाच श्लोक असा आशय सांगतो कीं, या सर्वांस आपल्या शक्तीप्रमाणें अन्न व वस्त्र दिलें पाहिजे, आणि जो देणार नाहीं तो स्वतःच पतित होतो. म्हणजे ज्या दोषामुळें माणूस अंशास मुकतो, तोच दोष पोषण न करणाऱ्याच्या माथीं येतो! याज्ञवल्क्यानें तर ‘निरंशक’ व ‘भर्तव्य’ हे दोन शब्द एकाच वाक्यांत गुंफिले आहेत. मीमांसकाच्या दृष्टीनें पाहिलें तर तेथें विधि आहे तो भरणाचा. निरंशत्व हें त्या भरणीय व्यक्तीचें विशेषण आहे. माझ्या या अन्वयाविषयीं कोणी शंका घेतील, परंतु दोन शब्द एकमेकांपासून तोडतां येत नाहींत एवढें तरी त्यांस मान्य करावें लागेल.

भरण कोणीं करावयाचें? येथें विष्णुस्मृतीचें वचन सर्वांत स्पष्ट आहे: ज्यांनीं रिक्थ घेतलें त्यांनीं. नुसत्या दयेवर, नात्यावर किंवा लोकलाजेवर ती गोष्ट सोडलेली नाहीं. भार धनाबरोबर जातो, आणि धन ज्याच्या हातीं जाईल त्याच्या मानेवर बसतो. किती काळ? मनूच्या श्लोकांतील ‘अत्यंत’ या शब्दाचा अर्थ विज्ञानेश्वरानें ‘यावज्जीव’ असा केला आहे. पुत्रांविषयीं आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. अशा विकल माणसाचा निर्दोष पुत्र वाटणीस पात्र होतो, मुलींचें विवाहापर्यंत पोषण करावयाचें असतें, अपुत्र व सदाचारी स्त्रियांस अन्नवस्त्र मिळतें. तेव्हां त्या शाखेचा हिस्सा नष्ट होत नसून एक पिढी ओलांडून पुढें जातो. जें वंशांतच रहावयाचें तें मध्यंतरीं ज्यास सांभाळतां येत नाहीं त्याच्या हातीं न द्यावें, असा हा विचार दिसतो.

या याद्यांत दोन निरनिराळे वर्ग एकत्र मिसळले आहेत असें माझें मत आहे. पतित हा आपल्या कर्मानें बाहेर गेलेला. अंध, पंगु, जड हे दोषावांचून असमर्थ. बौधायन व कौटिल्य या दोघांनीं भरणाच्या वेळीं पतितास वगळिलें, इतरांस वगळिलें नाहीं. यावरून हे दोन वर्ग त्यांस स्वतंत्रच दिसत होते. विकलांस अंश कां नाहीं, याचें एक कारण यज्ञाधिकाराचें सांगतात. जैमिनीनें सहाव्या अध्यायांत अंगहीनाच्या अधिकाराचा विचार केला आहेच. परंतु धन हें केवळ यज्ञासाठीं असतें हें मत विज्ञानेश्वरानें अपुत्र पुरुषाच्या पत्नीच्या दायाधिकाराच्या प्रकरणांत खोडून काढिलें आहे. तें मत एकदां खोडल्यावर विकलांच्या अनंशत्वाचा यज्ञमूलक आधार ढिला होतो. मग उरते ती व्यवहाराची असमर्थता. ही संगति त्यानें स्वतः शेवटपर्यंत नेली नाहीं, ही गोष्ट खरी.

तथापि कल्याणीच्या विक्रमादित्याच्या राज्यांत, आजच्या बसवकल्याण येथें, अकराव्या शतकाच्या अखेरीस वा बाराव्याच्या आरंभीं बसून या पंडितानें जे बारकावे लिहून ठेविले ते पाहिले म्हणजे नवल वाटतें. जड कोण? ज्याचें अंतःकरण विकल असून आपलें हित कोणतें, अहित कोणतें याचा निश्चय ज्यास करतां येत नाहीं तो. येथें रूपाचा, वाणीचा किंवा कुळाचा संबंध नाहीं. एका विवक्षित सामर्थ्याच्या अभावाचा आहे. दोष वाटणीपूर्वीं असेल तरच अंश जातो. वाटणी झाल्यावर दोष उत्पन्न झाला तर दिलेला हिस्सा परत घेतां येत नाहीं. उलट वाटणीनंतर औषधादि उपायांनीं दोष गेला तर त्यास अंश मिळतो. असाध्य रोगाचें उदाहरण म्हणून त्यानें क्षयाचा निर्देश केला आहे. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला व त्यानंतरच्या औषधांनीं क्षय साध्य झाला. म्हणजे मिताक्षरेतील एक अक्षरही न बदलतां क्षयरोगी अनंशांच्या यादींतून बाहेर पडला! वैद्यक पुढें गेलें कीं यादी आपोआप आंखूड व्हावी, अशी सोय त्या टीकेंत होती. पुढील निबंधकारांनीं तिचा जितका उपयोग करावयास हवा होता तितका केला नाहीं.

आतां बौधायनाकडे वळूं, कारण माझ्या मतें सर्व प्रश्नाची किल्ली त्याच्या दोन लगतच्या सूत्रांत आहे. पहिल्या सूत्रांत तो ‘अप्राप्तव्यवहार’ मुलांविषयीं बोलतो. व्यवहार करण्याचें वय ज्यांस अजून आलें नाहीं त्यांचे अंश ‘सोपचय’, म्हणजे वाढीसकट, नीट राखून ठेवावे आणि वय येतांच त्यांस द्यावे. दुसऱ्या सूत्रांत तो ‘अतीतव्यवहार’ लोकांविषयीं बोलतो: अंध, जड, क्लीब, व्यसनी, व्याधित इत्यादि. यांस ग्रासाच्छादन देऊन पोसावें. शब्दांची जोडी किती नेमकी आहे पहा. एकाचा व्यवहार अद्याप यावयाचा आहे. दुसरा व्यवहाराच्या पलीकडे आहे. पहिल्यास हिस्सा, त्यावरील वाढ आणि राखणदार. दुसऱ्यास भाकरी व वस्त्र. कां? पहिल्याच्या बाबतींत एक दिवस हिशेब मागणारा उभा राहणार आहे. सोळाव्या वर्षीं मुलगा विचारील, माझें शेत कोठें, माझे दागिने कोठें. दुसरा कधींच विचारणार नाहीं. हिशेब मागणारा ज्या ठिकाणीं नाहीं त्या ठिकाणीं शास्त्रकारांनीं हिश्श्याची भाषाच सोडून दिली व पोटाची भाषा धरली. हें व्यवहारास धरून झालें असेल. न्यायास धरून झालें कीं नाहीं याविषयीं मला वर्षानुवर्षें शंका आहे. कारण मुकाट माणसाचें पोट भरलें कीं नाहीं, हें तरी कोण विचारणार?

राखणदार कोणास करावें, या बाबतींत मात्र कौटिल्य सर्वांच्या पुढें गेला आहे. मन्वादिकांनीं बालकांचें धन राखण्याचें काम राजावर टाकिलें. अनाथ व स्त्रियांचें धनही राजानें राखावें असें विष्णु म्हणतो. आणि सभापर्वांत नारदानें युधिष्ठिरास जे कुशलप्रश्न केले त्यांत आंधळे, मुके, पांगळे व निराश्रित यांस तूं पित्याप्रमाणें पाळतोस ना, असाही एक प्रश्न आहे. परंतु राजा दूर असतो. कौटिल्यानें अज्ञानाचा हिस्सा आधीं ऋणमुक्त करून मातृपक्षाच्या आप्तांकडे किंवा ग्रामवृद्धांकडे ठेवावयास सांगितलें आहे. मातृपक्षच कां? ज्या धनाचा प्रश्न आहे तें पितृवंशाचें. त्या धनावर मामाचा डोळा असण्याचें कारण नाहीं. चुलता मात्र पुतण्याच्या मरणानें श्रीमंत होऊं शकतो. रोमच्या द्वादशपट्ट कायद्यानें उन्मत्ताचा देह व त्याचें धन पितृपक्षीय सगोत्रांच्या हातीं दिलें, म्हणजे जे त्याचे वारस होणार त्यांच्याच. इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत, ‘सॉकेज’ पद्धतीच्या जमिनीच्या अज्ञान वारसाचें पालकत्व, ज्या जवळच्या आप्तास ती जमीन वारसानें कधींच मिळूं शकत नाहीं अशा आप्ताकडे जाई. कौटिल्याचें सूत्र या दुसऱ्या पंगतींत बसतें. ग्रामवृद्धांनीं बालद्रव्य नुसतें राखूं नये, वाढवावें, असेंही तो जनपदनिवेशाच्या प्रकरणांत म्हणतो, व त्याच वाक्यांत देवद्रव्याचा उल्लेख करितो. बालक आणि देव, दोघेही स्वतः व्यवहार करीत नाहींत! इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनीं देवतेस नित्य अज्ञानासारखें लेखिलें, तो विचार त्यांस अगदीं नवा वाटावयास नको होता. पण हीं सूत्रें त्यांच्या हातीं वेळेवर आलींच नाहींत. बौधायनाचें बूलरकृत भाषांतर १८८२ त निघालें, हुल्ट्झ यांची मूळ संहिता १८८४ त. आणि अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्र्यांच्या हातीं पडून छापली गेली ती १९०९ सालीं. एखादी पोथी पंचवीस वर्षें आधीं सांपडती तर कायद्याची एक शाखा निराळी वाढली असती, असें पोथ्या गोळा करणाऱ्यांस वाटल्यास त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

मराठी कागदांकडे आलों म्हणजे ‘ग्रासाच्छादन’ हा शब्द ‘अन्नवस्त्र’ होऊन भेटतो, व पुढें अदालतींत ‘पोटगी’ होतो. शब्द बदलला तरी पदार्थ तोच. मराठेशाहींत लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांस सरकारांतून जें चालवीत त्यास ‘बालपरवेशी’ म्हणत. वतनदार अज्ञान किंवा असमर्थ असेल तर वतनाची सेवा मुतालिक चालवी. म्हणजे हक्क एकाचा व हात दुसऱ्याचा, ही कल्पना आपल्या लोकांस परिचयाची होती. राज्याच्या पातळीवर तिचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे १७७४ मध्यें जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवें बारभाईंनीं चालविलेला कारभार. परंतु तोही अप्राप्तव्यवहाराचा, अतीतव्यवहाराचा नव्हे.

१८२७ सालीं आर्थर स्टील यांनीं एल्फिन्स्टन यांच्या आज्ञेवरून दक्षिणेंतील जातींचे रिवाज एकत्र केले. त्याच वर्षीं बोराडेल यांनीं व्यवहारमयूखाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. मिताक्षरेच्या दायविभागाचें कोलब्रुककृत भाषांतर १८१० मध्येंच झालें होतें. जिल्ह्याजिल्ह्यांतील अदालतींत शास्त्री नेमलेले असत व त्यांच्या व्यवस्था विचारीत. १८६४ च्या कायद्यानें हे शास्त्री गेले. त्यांच्या व्यवस्थांचा मोठा संग्रह वेस्ट व बूलर यांच्या १८६७ ते १८६९ च्या ग्रंथांत राहिला, हें आपलें भाग्य. शास्त्री गेल्यावर इंग्रज न्यायाधीशांनीं वचनांचा अर्थ कांहीं बाबतींत उदार केला. १८७६ त मुंबईच्या हायकोर्टानें जन्मजात नसलेलें अंधत्व, तें असाध्य असलें तरी, वारसा घालवीत नाहीं असें ठरविलें. कुष्ठाच्या बाबतींतही उग्र व असाध्य प्रकारच तेवढा अपात्र मानण्याकडे न्यायालयांचा कल राहिला.

१८५८ सालीं उन्मत्तांच्या मिळकतीसंबंधीं कायदे झाले. मोफसलांत जिल्हा न्यायालयानें चौकशी करावयाची, मिळकतीस व्यवस्थापक व देहास पालक नेमावयाचा. देह आणि धन निराळे करण्याची ही कल्पना चांगली होती. पुढें १९१२ च्या कायद्यांत एक कलम असें आलें कीं, उन्मत्ताचा कायदेशीर वारस त्याच्या देहाचा पालक नेमूं नये. नेमणें हिताचें वाटल्यास न्यायालयानें कारणें लिहून नेमावें. कौटिल्याचा मामा या कलमांत मला पुन्हां भेटला.

अशा निर्बंधाची आवश्यकता काय, हें कोणास पहावयाचें असेल तर त्यानें कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचें प्रकरण पहावें. महाराज १८७१ मध्यें दत्तक आले. अज्ञान असल्यामुळें कारभार दुसऱ्यांच्या हातीं होता. पुढें त्यांस वेड लागलें असें म्हणून अधिकार राजप्रतिनिधीकडे गेला. महाराज खरोखरच वेडे आहेत कीं त्यांस तसें केलें जात आहे, हा प्रश्न सर्व महाराष्ट्रांत गाजला. दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांत मजकूर आला. ज्या पत्रांवर तो आधारला होता तीं बनावट ठरलीं, आणि टिळक व आगरकर यांस १८८२ त अब्रूनुकसानीबद्दल शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांचें त्या दिवसांवरील पुस्तक सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्यांच्यासाठीं तो तुरुंग घडला त्या रुग्णाचा विचार त्या मानानें थोडा होतो. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें, पहाऱ्यावरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर महाराज मरण पावले. वय अवघें वीस. १७ मार्च १८८४ रोजीं जें दत्तविधान झालें तें कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतरावांचें. तेच पुढें शाहू छत्रपति झाले. त्यांचे जनक पिते जयसिंगराव घाटगे हेच राजप्रतिनिधि होते.

या अनुक्रमावरून मी कोणावर दोषारोप करीत नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास काय दिलें हें सांगावयास नको, आणि जयसिंगरावांच्या हेतूविषयीं वावगें बोलण्यास मजजवळ कागद नाहीं. मुद्दा निराळा आहे. वेड आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं मोफसलांतील सामान्य रयतेस १८५८ च्या कायद्यानें जी न्यायालयीन चौकशी मिळाली असती ती छत्रपतींस मिळाली नाहीं. तो निर्णय राजकीय खात्याचा होता. देह एकाच्या पहाऱ्यांत, राज्य दुसऱ्याच्या हातीं, आणि रुग्णाच्या बाजूनें हिशेब मागणारा कोणीही नाहीं. दोन तरुण संपादक मागावयास गेले ते खोट्या कागदांवर विसंबून गेले, व तुरुंगांत पडले. अतीतव्यवहाराच्या स्थितीचें याहून मोठें उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत मला माहीत नाहीं.

विसाव्या शतकांत कायद्यानें याद्याच पुसल्या. १९२८ च्या बाराव्या कायद्यानें रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष एवढ्याच कारणानें वारसा अथवा एकत्र कुटुंबांतील हक्क जाणार नाहीं असें ठरलें. अपवाद जन्मतः उन्मत्त व जड यांचा, आणि दायभाग मानणाऱ्यांस तो कायदा लागू नव्हता. म्हणजे ज्यास संरक्षणाची सर्वांत अधिक गरज तोच अठ्ठावीस वर्षें बाहेर राहिला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानें तोही अपवाद गेला. माझ्या विद्यार्थ्याच्या घरांतील वृद्ध जें शास्त्र सांगत होते तें त्या वर्षापासून कायद्यांत उरलेलें नाहीं. धाकट्या मुलाचा हिस्सा थोरल्याइतकाच आहे.

परंतु अनंशत्व गेलें तेव्हां त्याला जोडलेलें भरणही सुटलें, याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्यांत ‘रिक्थग्राही पोसतील’ हें विष्णूचें तत्त्व आहे: मृताची मिळकत घेणाऱ्या वारसांनीं त्याच्या आश्रितांचा निर्वाह करावयाचा. मात्र आश्रितांच्या यादींत मुलगा आहे तो अज्ञान असेपर्यंत. अविवाहित मुलगी आहे, विधवा आहे, पण वयांत आलेला जड मुलगा नाहीं. फौजदारी प्रक्रियेच्या १९७३ च्या संहितेंतील एकशेंपंचविसावें कलम, जें आतां २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंत एकशेंचव्वेचाळिसावें म्हणून आलें आहे, तें सज्ञान परंतु शरीरानें वा मनानें असमर्थ अपत्याचा निर्वाह आईबापांवर टाकितें. भावावर टाकीत नाहीं. स्मृतिकार ज्यास धरीत होते तो भाऊच. कारण आईबाप गेल्यावरचा तो प्रश्न होता. आणि बापानें मृत्युपत्रानें सर्व मिळकत थोरल्यास दिली, ‘तो धाकट्यास पाहील’ अशा नुसत्या विश्वासानें, तर धाकट्याचा हिस्साही गेला व भरणाचा कायदेशीर आधारही गेला. पुष्कळ सज्जन बाप हेंच करितात.

हिस्सा मिळाला तरी तो धरणारा हात पाहिजे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता व बहुविकलता असलेल्या सज्ञान व्यक्तीसही पालक नेमण्याची सोय केली. जिल्ह्यांतील स्थानिक समिति ही नेमणूक करिते. पालकानें सहा महिन्यांत मिळकतीची यादी व प्रतिवर्षीं आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत जमाखर्च त्या समितीस द्यावयाचा. हयगय किंवा अपहार केल्यास त्यास काढतां येतें. बौधायनाच्या दुसऱ्या सूत्रांत जो हिशेब मागणारा नव्हता तो येथें प्रथमच नांवानिशीं उभा केला आहे. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यानें मर्यादित पालकत्वाची, म्हणजे त्या व्यक्तीशीं विचारविनिमय करून विवक्षित निर्णयापुरत्याच साहाय्याची, कल्पना आणली. मनोरुग्णांची गोष्ट मात्र मागें गेली आहे. १९१२ च्या कायद्याच्या जागीं आलेल्या १९८७ च्या कायद्यांत मिळकतीच्या व्यवस्थेचें स्वतंत्र प्रकरण होतें. तो रद्द करून आलेल्या २०१७ च्या कायद्यांत तें नाहीं, व कुटुंबांस उच्च न्यायालयाच्या दारीं जावें लागतें. जुन्या कायद्यांतील वारसाविषयींचें तें शहाणें कलम अशा रीतीनें कोणाच्या लक्षांतही न येतां गळालें.

उरतो तो बापाच्या हातचा लेख. १८८२ च्या न्यास कायद्यानें बापास आपल्या हयातींत नोंदलेल्या लेखानें, किंवा मृत्युपत्रानें, मुलाचा हिस्सा विश्वस्तांच्या स्वाधीन करतां येतो. विश्वस्तानें त्या द्रव्यांतून स्वतःचा लाभ करून घ्यावयाचा नसतो. जुन्या वाटणीपत्रांत अन्नवस्त्राचें कलम असे, तेंच काम आज हा लेख करितो. फरक एवढाच कीं त्या कलमामागें स्मृतीचा धाक उभा होता, या लेखामागें जें काय लिहिलें असेल तेवढेंच. येथें संग्राहकांस एक विनंति आहे. राजकारणाच्या पत्रांपुढें आपण घरगुती वाटणीपत्रें, फारखती व अन्नवस्त्राचे करार हलक्या दर्जाचे मानून बाजूस ठेवितों. दुबळ्या माणसाचें नांव त्या काळच्या कागदांत कोठें उमटलें असेल तर तें याच ठिकाणीं. ज्यांच्या दप्तरांत असे कागद असतील त्यांनीं त्यांतील अन्नवस्त्राचें कलम, त्याची रक्कम वा धान्याचें माप, आणि तें कोणाच्या जमिनीवर बसविलें होतें एवढें तरी उतरून घ्यावें. स्मृतींतील नियम आचारांत किती उतरला होता याचा निकाल त्यावांचून लागणार नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यांनीं दिवाळीनंतर वकिलाकडून लेखाचा मसुदा करून आणिला. मुलाचा अर्धा हिस्सा न्यासांत घातला आहे. विश्वस्त तिघे: थोरला भाऊ, मुलाचा मामा, आणि पेढीवर काम केलेले एक शेजारी. देहाची काळजी भावाकडे, जमाखर्चावर सही मामाची. मुलाच्या पश्चात् उरलेलें द्रव्य भावास न जातां अशाच मुलांच्या एका शाळेस जावें असें लिहिलें आहे. हें शेवटचें कलम थोरल्या मुलानेंच सुचविलें असें त्यांनीं सांगितलें. मसुद्यांत ‘सोपचय’ हा शब्द मीं घालावयास लाविला होता. वकिलांनीं त्याचा अर्थ विचारला. मीं सांगितल्यावर त्यांनीं खालीं कंसांत ‘व्याज व वाढीसह’ असें लिहिलें, आणि मूळ शब्दही तसाच राहूं दिला.